शेवटच्या थेंबावरचा गॉटहार्ड

गॉटहार्ड उइराब एकतीस वर्षं माझा शेजारी आहे आणि एवढ्या वर्षांत मी त्याला पाठ टेकून बसलेला पाहिलेला नाही. चहा तो उभ्याने पितो. मक्याच्या लापशीची ताटली हातात घेऊन कुंपणाच्या कडेकडेने फिरतो, शेळ्यांपाशी दोन घास, फाटकापाशी दोन घास. चर्चमध्ये तो दाराशेजारी उभा असतो आणि प्रवचन संपेपर्यंत तीनदा बाहेर जाऊन येतो. पाद्रीबाबांनी एकदा विचारलं, बाहेर काय बघतोस? वारा कुठून येतोय ते बघतो, म्हणाला.

मी वस्तीत मोठ्या माणसांचा वर्ग काढला तेव्हा तो तीन दिवस आला होता. पहिल्या दिवशी आपल्या नावातली निम्मी अक्षरं शिकला, दुसऱ्या दिवशी उरलेली, आणि तिसऱ्या दिवशी बाकावरून उठून म्हणाला, "बाई, नाव झालं. आता बसून काय करायचं?" त्यानंतर आला नाही. सही मात्र अजून झकास करतो, तीही उभ्यानेच.

त्याची बायको एल्फी म्हणते की लग्नाच्या दिवशी फोटो काढायला तिला त्याचा कोट धरून ठेवावा लागला होता. फोटो मी पाहिला आहे. कोटाची बाही ताणलेली दिसते आणि नवऱ्या मुलाचा चेहरा पुसट आला आहे.

पायाला अशी भिंगरी असलेल्या माणसाला जे काम शोभेल तेच त्याला मिळालं. फोल्कमार नावाच्या मालकाच्या शिकारी फार्मवर तो जनावरांचा माग काढायचा. मे-जूनमध्ये आमचा हिवाळा लागला की तिथे परदेशातून शिकारी पाहुणे येतात, कुणी पिळदार शिंगांच्या कुडू हरणासाठी, कुणी ओरिक्ससाठी, कुणी नुसत्या पाखरांसाठी. पाहुण्याची गोळी चुकीच्या जागी लागली आणि जनावर रक्त सांडत झाडीत शिरलं, की पुढचं काम गॉटहार्डचं. एकदा तो एका जखमी कुडूमागे दोन दिवस चालला होता आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मांस पाठीवर घेऊन हसत परत आला होता. पाहुणे त्याच्याबरोबर फोटो काढायचे. तेही पुसटच यायचे.

तीन-चार वर्षांपूर्वी त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू धरू लागला. एल्फीच्या ते आधी लक्षात आलं, कारण तो शेंगदाण्यातले खडे निवडेनासा झाला. चुलीचा धूर आहे, म्हणायचा. औत्जो या जवळच्या मोठ्या गावी दर वर्षी डोळ्यांचं शिबिर येतं. मी त्याला दोनदा सांगून पाहिलं. ऑपरेशन झाल्यावर दोन दिवस उताणं पडून राहावं लागतं असं कळल्यावर त्याने विषयच बदलला.

त्याची मुलगी रोसविटा माझी विद्यार्थिनी. बापाच्या अगदी उलट. वर्गात इतकी स्वस्थ बसायची की मी हजेरी घेताना तिला दोनदा गैरहजर लावलं होतं. लहानपणी बापाचा जेवणाचा डबा घेऊन ती फार्मवर जायची आणि त्याच्या मागे मागे चालायची. मोठी झाल्यावर फोल्कमारच्या स्वयंपाकघरात कामाला लागली, पण मन खरकट्या भांड्यांत नव्हतं. गेल्या वर्षी ती फोल्कमारसमोर उभी राहिली आणि मला माग काढायला घ्या म्हणाली. आमच्या भागात बाईला हे काम कुणी दिलेलं नव्हतं. फोल्कमारने डोकं खाजवलं आणि एका हंगामापुरतं घेतो म्हणाला, बापाच्या जोडीने. त्या वर्षी त्याची शिकारी कुत्री साप चावून मेली होती, त्यामुळे त्यालाही जास्तीचे डोळे हवे होते.

त्याच हंगामात, जूनच्या सुरुवातीला, एका पाहुण्याने कुडूच्या मागच्या फऱ्यावर गोळी मारली. जनावर मोपाने झाडांनी भरलेल्या उतारावर शिरलं. थोडा वेळ रक्त चांगलं दिसत होतं, मग विरळ झालं, मग दिसेनासं झालं. गॉटहार्ड नेहमीसारखा सगळ्यांच्या पुढे, अर्धा धावत. खाली वाकला, बोट टेकवलं आणि हात वर केला. इकडे, डावीकडे. सगळे डावीकडे वळले. दिवस मावळेपर्यंत चालले आणि रिकाम्या हाताने परतले. दोन दिवसांनी गिधाडं उतरली ती उजवीकडच्या दरीत.

फोल्कमार आरडाओरडा करणारा माणूस नाही. त्याने टोपी काढून पुन्हा घातली आणि रोसविटाला सांगितलं की जनावर असं झाडीत कुजलेलं मला चालणार नाही. आणखी एक गेलं तर मी दुसऱ्या फार्मवरून माग काढणारा आणीन आणि तू स्वयंपाकघरात परत. त्याची समजूत अशी झाली होती की नवखी पोरगी चुकली आणि बाप तिला सांभाळून घेतो आहे. रोसविटाने ती समजूत तशीच राहू दिली.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे मीठ मागायला गेले होते. गॉटहार्ड दारातून आत, आतून दारात, असा चालला होता. रोसविटाने खिशातून काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. मोपान्याचं पान होतं, वाळून तांबूस झालेलं, फुलपाखरासारखं दोन पाळ्यांचं. एका पाळीवर काळपट लाल ठिपका. हिवाळ्यात अशी पानं हजारांनी पडतात.

"तुम्ही बोट टेकवलं ते हे," ती म्हणाली.

गॉटहार्डने पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, मग अंगठ्याने ठिपका घासून पाहिला. ठिपका पुसला जाईना. तो रक्ताचा नव्हता, पानाचाच होता.

"तुला तिथेच कळलं होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"पाहुण्यांसमोर? तुमच्या तोंडावर?" ती म्हणाली. "मी बोलायला हवं होतं, बाबा. माझीच चूक."

आमच्यात चार लोकांत लेक बापाला खोटं पाडत नाही, मग लेक कितीही मोठी असो. पण ती माझीच चूक म्हणाली ते गॉटहार्डला फार लागलं. पान खिशात घालून तो बाहेर पडला. एल्फी म्हणाली, "आता कुंपण झिजवेल." आणि मला मीठ दिलं.

दुसऱ्या दिवशी रोसविटाने फोल्कमारला नवी मांडणी सांगितली. माग ती काढेल आणि बाबा शेवटच्या थेंबावर उभे राहतील.

हे काम काय ते सांगायला हवं. रक्ताचा माग तुटला की एक माणूस शेवटच्या खुणेवर उभा करतात. दुसरा पुढे जाऊन गोल फेऱ्या मारतो, पुढची खूण शोधतो. नाहीच मिळाली तर परत येतो आणि पुन्हा तिथूनच सुरुवात करतो. उभ्या माणसाने पाय उचलायचा नाही. तो हलला की ती जागा गेली, आणि जागा गेली की जनावर गेलं. अगदी साधं काम, म्हणून ते गाडी चालवणाऱ्याला देतात, स्वयंपाक्याला देतात, ज्याचा दुसरा काही उपयोग नाही त्याला देतात.

"कुंपणाच्या खांबाचं काम," गॉटहार्ड म्हणाला. "खांब रोवा की तिथे."

तो ऐकेना. सात आठवडे त्याने पाखरांच्या शिकारीतच दिवस काढले. त्याला ते जमायचंही. गिनी कोंबड्यांच्या शिकारीत माणसांची रांग करून झुडपांतून चालायचं असतं, कोंबड्या आधी पळतात आणि मग भर्रकन उठतात. तिथे डोळ्यांपेक्षा पाय लागतात. सकाळी पाणवठ्यावर पखुर्ड्या, कबुतराएवढी मातकट पाखरं, उतरायच्या तेव्हा पाहुणे आडोशाला बसून राहायचे आणि गॉटहार्ड पडलेली पाखरं गोळा करत काट्यांतून फिरायचा. पडलेलं पाखरू दिसलं नाही तर पायाने चाचपायचा. एक पाहुणा त्याला हसून म्हणाला की तू कुत्र्यापेक्षा बरा आहेस. गॉटहार्डने ते घरी येऊन एल्फीला कौतुक म्हणून सांगितलं. रोसविटा ताटावरून उठून गेली.

या काळात तिला दोन जनावरांचा माग काढावा लागला. दोन्ही सोपे होते. गाडीवाल्याला थेंबावर उभा केला होता. दुसऱ्या वेळी तो सिगारेट पेटवायला चार पावलं सरकला. तिचं नशीब म्हणून थेंब पुन्हा सापडला. ती घरी येऊन बापाला एवढंच म्हणाली, "मला न हलणारा माणूस मिळत नाही."  पुढच्या सोमवारी गॉटहार्ड तिच्याबरोबर गाडीत चढला.

जुलैच्या शेवटी मी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला औत्जोला गेले होते. परत येताना फोल्कमारची गाडी भेटली. तो बेल्जियमच्या एका पाहुण्याला घेऊन गावात आला होता, दातांचा डॉक्टर, निवृत्त, अतिशय सभ्य. ते दोघे पुढे बसले, मी मागे उघड्यावर रोसविटा आणि गॉटहार्डबरोबर. गॉटहार्ड अर्थातच दांडीला धरून उभा. फार्मचं फाटक ओलांडून थोडं आत आलो तर उजव्या हाताला एकटा ओरिक्स उभा होता, तलवारीसारखी सरळ शिंगं. पाहुण्याला आठ दिवस तोच हवा होता. ते उतरून लपत पुढे गेले. गोळी वाजली आणि ओरिक्स पाठ वाकवून पळाला.

"पोटात," गॉटहार्ड आवाजावरून म्हणाला.

फोल्कमारने घड्याळ पाहिलं. एक वाजत होता. साडेपाचनंतर उजेड नाही, आणि अंधारात तरस ओरिक्सला पाहुण्याआधी गाठतील. अर्धा तास थांबून ते निघाले. मला गाडीत बसायला सांगितलं होतं, पण उघड्या गाडीत ऊन लागत होतं म्हणून मी मागून हळूहळू गेले. मोपान्यातून माग चांगला होता. मग चुनखडीची पांढरी कातळजमीन लागली आणि रक्त संपलं. शेवटचा थेंब शेंगदाण्याएवढा होता. रोसविटाने बोटावर घेतला, वास घेतला.

"बाबा, इथे," ती म्हणाली.

गॉटहार्ड थेंबाच्या डाव्या अंगाला पाय ठेवून उभा राहिला. फोल्कमार, पाहुणा आणि रोसविटा पुढे गेले. मी जवळच्या काटेरी झाडाच्या सावलीत दगडावर बसले.

पहिला अर्धा तास त्याने टोपी काढली, घातली, काढली. मग खिशातून दोरी काढून गाठी मारल्या आणि सोडल्या. मग बोटं मोडली, एका हाताची, दुसऱ्या हाताची, पुन्हा पहिल्या हाताची. बुटाच्या आत अंगठे हलत होते ते चामड्यावरून दिसत होतं. पोटऱ्या थरथरत होत्या. गुडघे वाकत होते आणि सरळ होत होते. तळवे मात्र जागचे हलले नाहीत. शाळेत मी असं एखाद्या मुलाला कोपऱ्यात उभं केलं असेल तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं, आज मात्र बघवेना.

रोसविटा पहिली फेरी मारून परत आली. काही नाही. थेंबाकडे पाहिलं, दुसऱ्या दिशेने गेली. तास गेला. दुसऱ्यांदा आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. फोल्कमार तिच्या मागे चालत होता आणि टोपी हातात होती.  ती उत्तरेकडे गेली.

मी म्हटलं, "गॉटहार्ड, थोडा वेळ मी उभी राहते. तू पाय मोकळे कर."

"बाई, तुम्ही माशी हाकलायला पाय उचलाल."

"मी चाळीस वर्षं फळ्यासमोर उभी होते."

"फळ्यासमोर तुम्ही फिरायचात," तो म्हणाला. "मी तीन दिवस पाहिलंय."

त्यानंतर त्याचे गुडघे वाकायचे थांबले. सव्वातीन वाजले असतील. मला वाटलं, तो थकला. मग लक्षात आलं की त्याची बोटंही थांबली आहेत. मान एका बाजूला कलती होती. कातळ संपून जमीन खाली उतरते तिथे एक कोरडी घळ आहे, झुडपांनी भरलेली. तिकडून गिनी कोंबड्यांचा कलकलाट आला आणि थांबला.

"हा तिसऱ्यांदा," तो हळूच म्हणाला. "त्याच जागी. वर ससाणा असता तर त्या पळाल्या असत्या. माणूस असता तर उडाल्या असत्या. त्या जातात, परत येतात आणि भांडतात. त्यांच्या चरायच्या जागेत काहीतरी पडलंय."

"मग चल ना."

त्याच्या उजव्या पायाची टाच उचलली गेली. मी पाहिलं. बोटभर उचलली गेली, आणि खाली टेकली.

"त्या दिवशीही मला असंच पक्कं माहीत होतं, बाई."

हाक मारायची सोय नव्हती. हाकेने जखमी जनावर उठलं असतं आणि पळालं असतं. मी जाते म्हटलं तर त्याने डोकं हलवलं. माझ्या चपलांचा आवाज ओरिक्सला घळीत ऐकू गेला असता, आणि रोसविटा कुठल्या दिशेला होती हेही मला धड माहीत नव्हतं. तेव्हा तो उभा राहिला. माणूस ज्या जागेकडे डोळे लावून आहे ती पाचशे पावलांवर, ऊन उतरतंय, सावल्या लांब होताहेत, आणि जायचं नाही. घाम त्याच्या कानामागून ओघळत होता, जुलैच्या गारव्यात. चोवीस मिनिटं. मी घड्याळ बघत होते, दुसरं काय करणार.

रोसविटा आली ती एकटीच, पाय ओढत. बापाशेजारी येऊन थेंबाकडे पाहिलं आणि नुसती उभी राहिली. तिला तिथून कुठे जायचं तेच सुचत नव्हतं.

"ऐक," गॉटहार्ड म्हणाला. त्याने घळ दाखवली आणि तीन वेळचं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "डोळ्यांनी नाही पाहिलं मी. पान असू शकतं."

तिने कान दिला. बराच वेळ काही नाही. मग कोंबड्या पुन्हा कलकलल्या.

"पान नाही," ती म्हणाली. "हलू नका."

"हलतोय कुठे?"

तिने फोल्कमारला खूण केली. ते वाऱ्याकडे तोंड करून घळीच्या खालच्या टोकाला वळसा घालून गेले. दिसेनासे झाले. आम्ही दोघं थांबलो. सूर्य झाडांच्या उंचीवर आला होता. पखुर्ड्यांची एक जोडी शीळ घालत पाणवठ्याकडे गेली आणि गॉटहार्डची मान त्यांच्यामागे फिरली, पायांनी तेवढी हिंमत केली नाही.

गोळी वाजली. एकच.

मी दगडावरून उठले. "झालं. चल."

"थांबा बाई. चुकली असेल तर?"

तो तसाच उभा. आम्ही आणखी दहा मिनिटं वाट पाहिली. मग रोसविटा घळीतून वर येताना दिसली. ती धावत नव्हती, पण तिच्या हातांवर कोपरापर्यंत रक्त होतं. ती सरळ त्याच्याजवळ आली, आपला पाय त्याच्या पायाशेजारी, थेंबाच्या दुसऱ्या अंगाला ठेवला.

"बाबा, सुटलात."

गॉटहार्ड पाय उचलायला गेला, तो त्याला उचलेना. तिने त्याचा दंड धरला. दोन पावलं लंगडत टाकली, तिसरं बरं पडलं, आणि मग तो जवळजवळ धावतच झुडपाआड गेला. तिथून बराच वेळ बाहेर येईना. फोल्कमार येऊन विचारू लागला की याला काय झालं, बरं वाटत नाही का?

"साहेब, एक वाजल्यापासून धरून ठेवलंय," झुडपातून आवाज आला.

फोल्कमार हसला तेव्हा रोसविटा हसली, आणि हसता हसता तिने तोंड दुसरीकडे वळवलं. मग ती फोल्कमारला म्हणाली की जूनमधला कुडू कुणामुळे गेला ते मला सांगायचं आहे. झुडपातून आधी उत्तर आलं. "माझ्यामुळे. तिला दिसलं होतं. मला दिसत नाही." एवढं बोलून गॉटहार्ड बाहेर आला, खिसा चाचपून ते पान काढलं आणि फोल्कमारच्या हातात दिलं. खिशात राहून त्याचा चुरा झाला होता. एका पाळीचा तुकडा तेवढा उरला होता, ठिपक्यासकट. फोल्कमारने तो उजेडात धरून पाहिला. मलाही रक्तच वाटलं असतं, म्हणाला. स्वयंपाकघराचा विषय त्याने काढला नाही. रोसविटाला म्हणाला, उद्या सहा वाजता, पाहुण्यांना कुडू बघायचा आहे.

घळीपाशी जाळ करून काळीज भाजलं. पहिला तुकडा माग काढणाऱ्याचा. रोसविटाने तो सुरीच्या टोकावर घेतला आणि बापापुढे धरला. त्याने अर्धा चावून उरलेला तिच्या तोंडात घातला, आणि चावत चावत जाळाभोवती फिरू लागला. दातांचे डॉक्टर फोटो काढत होते. "जरा थांबायला सांगा त्यांना," असं त्यांनी फोल्कमारला विनवलं. कुणी सांगितलं नाही.

परतताना गाडी फाटकापाशी थांबली आणि गॉटहार्ड उतरला. इथून चालत येतो म्हणाला, पाय आखडलेत. मीही उतरले, अर्धं अंतर त्याच्याबरोबर चालले. त्याच्या वेगाने मला धाप लागली. मध्येच तो थांबला नाही, पण हळू झाला.

"बाई, ते डोळ्यांचं शिबिर. दोन दिवस उताणं पडायचं म्हणता ना?"

"दोन दिवस."

तो थोडं पुढे गेला, मागे वळला, पुन्हा माझ्याजवळ आला.

"मध्ये उठून बाहेर जाऊ देतात का?"

देतात, मी म्हटलं. नर्स हाताला धरून नेते. पुढच्या महिन्यात रोसविटाने यादीत त्याचं नाव लिहिलं तेव्हा त्याने तिच्या हातून पेन घेतलं आणि सही स्वतः केली, भिंतीला कागद लावून, उभ्याने.